लिम्प : चालतंय की लोंबतंय? या चुका टाळा

'बाळ लंगडत असल्यास ताबडतोब दवाखान्यात न्या.'

हे वाक्य मी एका पत्रकात वाचलंय, आणि पत्रक होतं नवजात बाळांच्या आयांसाठी. नवजात म्हणजे जन्मापासूनचे पहिले २८ दिवस. ज्या बाळाने अजून मानसुद्धा धरलेली नाही ते लंगडणार कुठून? मूळ इंग्रजीत होतं 'इफ द बेबी गोज लिम्प', म्हणजे बाळ लुळं पडलं तर. भाषांतर करणाऱ्याने मोबाइलवर 'लिम्प' टाकलं, पहिला अर्थ आला 'लंगडणे', तो उचलला आणि पुढच्या वाक्यावर गेला.

मी गेली १४ वर्षं इंग्रजीतून मराठीत आलेले मजकूर तपासते. आरोग्याची पत्रकं, गाड्यांची माहितीपुस्तकं, रेसिप्या, बातम्या, जे येईल ते. त्यात हा एवढासा शब्द इतक्या वेळा चुकलेला पाहिलाय की आता कुठल्याही फाइलमध्ये 'लंगड' एवढी अक्षरं दिसली तरी मी आधी मूळ इंग्रजी उघडते. तेच तेच किती जणांना फोनवर सांगायचं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

त्या पत्रकाचं आधी नीट सांगते कारण सगळ्यात जास्त जीव त्यातच अडकलेला होता. चार पानी पत्रक, रात्री साडेदहाला माझ्याकडे आलं, सकाळी छापायला जाणार होतं. भाषांतर करणारा मुलगा हुशार, खरंच हुशार, मराठी छान, पण स्पीडचा नाद. फोन केला तर म्हणाला, "ताई, डिक्शनरीत तेच दिलंय." म्हटलं अरे त्याच्याच खाली दुसरा अर्थ पण दिलाय, तिथपर्यंत बोट का नाही सरकलं? तर म्हणाला, "मला वाटलं बाळ थोडं मोठं झाल्यावरचं असेल." हे 'मला वाटलं' जे आहे ना, सगळी गडबड तिथे होते. शब्द बसत नाहीये हे त्याला जाणवलं होतं, पण शब्द परत तपासायचा सोडून त्याने मनातल्या मनात बाळाचं वयच वाढवलं. नव्या लोकांची ही सवय मी सारखी बघते, वाक्य अडलं की दोन मिनिटं थांबायचं नाही, काहीतरी कारण काढून पुढे सरकायचं.

मग रात्री आम्ही शब्द शोधत बसलो. त्याने सुचवलं 'बाळ शिथिल झाल्यास'. अर्थाने चूक नाही, पण कुठली आई म्हणते की माझं बाळ शिथिल झालंय? माझ्या ओळखीच्या एक सिस्टर आहेत, प्रसूतीच्या वॉर्डात २० वर्षं काढलेल्या, त्यांना त्या वेळी फोन लावला. त्या म्हणाल्या, आया तीन गोष्टी म्हणतात, बाळ लुळं पडलं, बाळाने अंग टाकलं, बाळाने मान टाकली. त्यातलं 'मान टाकली' नको लिहू, बऱ्याच घरांत ते गेल्यावरच म्हणतात. 'मलूल' पण नको, तापाने पेंगुळलेलं मूल मलूल असतं, आई म्हणेल बघू सकाळी. शेवटी आम्ही लिहिलं: 'बाळ लुळं पडलं, म्हणजे उचलल्यावर त्याचे हातपाय नुसते लोंबत असतील आणि तळव्यावर टिचकी मारली तरी ते हलत नसेल, तर लगेच दवाखान्यात न्या.' इंग्रजीत पाच शब्द होते, मराठीत तीन ओळी झाल्या, डिझाइन करणाऱ्याने कटकट केली. करू दे. 'लंगडत' वाचणारी आई म्हणेल हे आपल्या बाळाचं नाही, आणि पान उलटेल. तिथे ओळी मोजायच्या नसतात.

प्रसूतीच्या वॉर्डात हा शब्द किती मुरलेला आहे ते पण सांगते. बाळ जन्मलं की पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला अपगार स्कोअर देतात. व्हर्जिनिया अपगार नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी तो १९५२ मध्ये बसवला. पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन मार्क. त्यात स्नायूंच्या रकान्यात बाळ हातपाय जोरात हलवत असेल तर दोन, थोडे मुडपून धरले असतील तर एक, आणि शून्य मार्क ज्याला त्याचं वर्णन एका शब्दात करतात, 'लिम्प'. म्हणजे ज्या भाषेतून आपण भाषांतर करतोय तिथे हा धोक्याचा शब्द आहे आणि आपण त्याला पायाची लचक करून टाकतोय.

तर मूळ भानगड काय आहे? स्पेलिंग एक, उच्चार एक, पण काम करणारे शब्द दोन. एक क्रियापद आणि त्याचंच नाम, ते चालण्याचं: ही लिम्प्स, तो लंगडतो, ही हॅज अ लिम्प, त्याच्या चालण्यात लंगड आहे. दुसरं विशेषण, त्याचा चालण्याशी काही संबंध नाही, ते ढिलं पडण्याचं, ताठपणा गेल्याचं: लिम्प हॅंडशेक, लिम्प हेअर, लिम्प बॉडी. क्रियापद सोळाव्या शतकापासून सापडतं आणि विशेषण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, दोघं एकाच मुळातून आले का यावर कोशकार अंदाजच बांधतात. क्रियापदामागे जुन्या इंग्रजीतला 'लेम्पहिआल्ट' हा शब्द असावा असं मानतात, त्याचा दुसरा तुकडा म्हणजे आजचा 'हॉल्ट', आणि हॉल्टचा जुना अर्थ लंगडा. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये 'द हॉल्ट' येतं ते लंगड्या माणसांसाठी, तिथे 'थांबलेले लोक' असं केलेलं पण मी पाहिलंय.

मी स्वतः एकच प्रश्न विचारते: चालतंय की लोंबतंय? ज्याच्याबद्दल वाक्य आहे ते कुठून कुठे तरी जातंय का, का जागच्या जागी गळून पडलंय? जात असेल तर लंगडणं, नसेल तर लुळं, ढिलं, मऊ, मलूल, जे बसेल ते. हा काही व्याकरणाचा नियम वगैरे नाही, माझी सवय आहे, पण १०० पैकी बहुतेक वेळा भागतं.

यातच एक पोटचूक, आणि ही चांगल्या चांगल्या लोकांकडून होते. 'लिम्पिंग' आणि 'लिम्प्ड' चालण्याच्या घरातले, पण 'लिम्पली' आणि 'लिम्पनेस' ढिलेपणाच्या घरातले. 'हिज आर्म हंग लिम्पली' म्हणजे त्याचा हात लुळा लोंबत होता. मला एकदा कथेत 'त्याचा हात लंगडत लोंबत होता' असं मिळालं. हात लंगडत नाही हो! एवढं तरी स्वतःचं वाक्य एकदा मोठ्याने वाचा.

पोलिओच्या मजकुरात मात्र दोन्ही अर्थ एकाच पायावर येतात, म्हणून तिथे डबल काळजी. पोलिओने आधी पाय लिम्प पडतो, म्हणजे लुळा, त्यातला जोर जातो, आणि मूल वाचलं, चालायला लागलं, की ते आयुष्यभर लिम्प घेऊन चालतं, म्हणजे लंगडत. पहिलं विशेषण, दुसरं नाम. डॉक्टरी भाषेत पहिल्याला 'फ्लॅसिड' म्हणतात, आणि १५ वर्षांखालच्या मुलाच्या हातापायात अचानक असा लुळेपणा आला तर ती केस एएफपी (अक्यूट फ्लॅसिड पॅरॅलिसिस, म्हणजे अचानक आलेला लुळेपणा) म्हणून कळवावी लागते, २४ तासांच्या अंतराने दोनदा शौचाचे नमुने घेतात. या जागी 'अचानक लंगडेपणा' लिहिलं तर खेळताना पाय मुरगळलेली सगळी पोरं त्यात येतील आणि ज्याचा हात लुळा पडलाय ते मूल राहून जाईल. भारतात पोलिओची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची, आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्यामागे गावोगाव फिरून लुळं पडलेलं मूल शोधणाऱ्या बायका होत्या, त्यांच्या हातातला कागद बरोबर असायलाच हवा.

आता बोलतानाच्या चुका. आपण मराठीत 'माझा पाय लंगडतोय' बिनधास्त म्हणतो, इंग्रजीत 'माय लेग इज लिम्पिंग' चालत नाही, तिथे लंगडतो तो माणूस, पाय नाही. 'आय ॲम लिम्पिंग' म्हणा. 'ही वॉक्स विथ लिम्प' पण नाही, मधे 'अ' हवा, विथ अ लिम्प. आणि 'ही लिम्प्ड हिज लेग' असं तर नाहीच.

पण सगळ्यात घातक 'ही इज लिम्प'. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिच्या मुलाचा फुटबॉल खेळताना पाय मुरगळला, दुसऱ्या दिवशी तो घरीच राहिला, हिने शाळेला मेसेज केला, 'ही इज लिम्प सिन्स मॉर्निंग.' दोन मिनिटांत शाळेतून फोन, त्या बाईंचा आवाज घाबरलेला, पहिला प्रश्न, मुलगा श्वास घेतोय ना? हिला काही कळेना, ती सांगतेय की तो सोफ्यावर बसून टीव्ही बघतोय. नंतर तिने मला फोन केला तेव्हा रडकुंडीला आली होती, म्हणाली इतकी वर्षं इथे राहून मला साधं वाक्य लिहिता येत नाही. मी म्हटलं अगं वाक्य साधं नाहीच आहे, आपल्याकडे 'तो लंगडा आहे' असं 'आहे' लावून म्हणतात, तू तेच तिकडे नेलंस. तिथे म्हणायचं 'ही हॅज बीन लिम्पिंग सिन्स दिस मॉर्निंग'. 'इज' लावलंस की मुलगा निपचित पडलाय असा अर्थ होतो.

यावरून आठवलं, मराठीतला 'लंगडा माणूस'. 'अ मॅन विथ अ लिम्प' याचं 'लंगडा माणूस' करू नका. इंग्रजीत त्या माणसाबद्दल एक बारीक गोष्ट सांगितलीय की त्याच्या चालण्यात लंगड आहे, मराठीत तुम्ही त्याचं अख्खं नावच लंगडा ठेवलं, आणि आपल्याकडे ते शिवीसारखं वापरतात हे सगळ्यांना माहितीये. 'लंगडत चालणारा' लिहा, 'पायाने अधू' लिहा. सरकारी मजकूर असेल तर 'दिव्यांग' लिहायला सांगतात, तिथे तो शब्द घ्या, पण कथेत गावच्या आजीच्या तोंडी 'दिव्यांग' घालू नका, ती 'पायानं अधू हाय बिचारा' असंच म्हणेल. इंग्रजीतही माणसाला 'लेम' (लंगडा) म्हणणं आता अपमानाचं धरतात, घोडा लेम असू शकतो. आणि 'लिम्प रिस्ट' हा शब्दप्रयोग समलिंगी पुरुषांना हिणवायला वापरतात, तो मजकुरात आला तर कोण कुणाला का म्हणतंय ते समजून घ्या, स्वतः तर वापरूच नका.

लेम आणि लिम्प अदलाबदली करणारे पण खूप. 'लेम एक्स्क्यूज' म्हणजे आपली लंगडी सबब, इथे मराठी आणि इंग्रजी छान जुळतात, नशीब समजा आणि पुढे जा. 'लेम डक'ला मात्र 'लंगडं बदक' करू नका. लंडनच्या शेअर बाजारात अठराव्या शतकात देणं फेडू न शकणाऱ्याला असं म्हणायचे, मग अमेरिकेत मुदत संपत आलेल्या पुढाऱ्यांना चिकटलं. तिथे नवा अध्यक्ष निवडून आला तरी जुना ४ मार्चपर्यंत खुर्चीत असायचा, १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीने ती तारीख २० जानेवारीवर आणली. 'जाता जाता उरलेला अध्यक्ष', 'मुदत संपत आलेला', असं काहीतरी लिहा. 'काळजीवाहू' पण नको, तो वेगळा प्रकार.

तैमूरलंग इंग्रजीत 'टॅमरलेन' किंवा 'तैमूर द लेम', 'द लिम्प' नाही. फारसीत लंग म्हणजे लंगडा.

लंगडा आंबा हे नाव आहे, त्याचं इंग्रजी करायचं नाही. 'लिम्प मॅंगो' म्हटलं तर समोरच्याला वाटेल पिलपिलीत झालेला आंबा विकताय, आणि बनारसी लंगड्याला २०२३ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय, एवढा तरी मान ठेवा.

पोरं लंगडी खेळतात तेव्हा ती 'लिम्प' करत नाहीत, 'हॉप' करतात. एक पाय मुडपून दुसऱ्यावर उड्या मारणं म्हणजे हॉप. दोन्ही पाय दुखतायत म्हणून खुरडत चालणं म्हणजे हॉबल. पाय फरफटत नेणं शफल, झोकांड्या खाणं स्टॅगर. एक पाय दुखतोय म्हणून त्याच्यावर भार न देता चालणं, तेवढंच लिम्प.

क्रिकेटवाल्यांसाठी एक. 'लिम्प्ड ऑफ' म्हणजे लंगडत मैदानाबाहेर गेला, पण 'अ लिम्प परफॉर्मन्स' म्हणजे मरगळलेला खेळ. गॉर्डन ग्रीनिज लंगडायला लागला की बोलरनी सावध व्हायचं असं जुने लोक सांगतात. १९८४ ला लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजला जिंकायला ३४२ हवे होते, ग्रीनिजने नाबाद २१४ काढले आणि ९ विकेट राखून मॅच घेतली. आता अशा लंगडत खेळणाऱ्याच्या खेळीला कुणी 'लिम्प इनिंग्ज' म्हटलं तर ती शिवी होईल. लिम्पिंग वेगळं, लिम्प वेगळं, बस.

स्लॅक आणि लिम्प. दोन्हीला आपण 'ढिला' म्हणतो म्हणून गोंधळ होतो. मी असं लक्षात ठेवते की ताण गेला तर स्लॅक, ताठपणा गेला तर लिम्प. दोरी, मांजा, पट्टा हे स्लॅक होतात. पतंग उडवताना आपण ढील देतो तेव्हा मांजा स्लॅक पडतो, पण वारा पडल्यावर छपरावर लटकलेलं पतंगाचं शेपूट, ते लिम्प. झेंडा वारा नसताना लिम्प. 'स्लॅक सीझन' म्हणजे मंदीचे दिवस, तिथे लिम्प येत नाही.

आता स्वयंपाकघर, कारण रेसिप्यांचे व्हिडिओ आल्यापासून इथे फार धिंगाणा चाललाय. आपल्याकडे या एका शब्दासाठी केवढे शब्द आहेत बघा, आणि लोक 'शिथिल भाजी' लिहून मोकळे होतात. मेथीची जुडी संध्याकाळपर्यंत माना टाकते. कोथिंबीर मलूल होते, तिची देठं पाण्याच्या भांड्यात तासभर उभी ठेवली की परत ताठ होते. पापड, चिवडा, बिस्किटं सादळतात. 'कुक द स्पिनच अंटिल लिम्प' म्हणजे पालक बसेपर्यंत शिजवा, कढईभर पाला दिसत असतो तो खाली बसून मूठभर होतो, तो क्षण. कांदा नरम पडतो. तळलेली भजी गार झाल्यावर मऊ पडतात. यातलं बरंचसं इंग्रजीत 'लिम्प' एकट्याने सांभाळतं, मराठीत प्रत्येक जिन्नसाला वेगळा शब्द, आणि तो शब्द ॲपमध्ये सापडणार नाही, घरात सापडेल. माझी सवय अशी की वस्तू डोळ्यासमोर आणायची आणि आई हिला काय म्हणाली असती ते आठवायचं. मग खात्री करायला उलटं जायचं, सुचलेला मराठी शब्द मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बघायचा. १८३१ चा कोश, १८५७ ला वाढवलेली आवृत्ती आली, तो ऑनलाइन फुकट शोधता येतो, पण नव्या मुलांना सांगितलं की म्हणतात एवढा वेळ कुणाकडे आहे. एक मिनिट लागतो.

केस 'लिम्प' असतील तर चपटे, पडलेले. हात मिळवताना समोरच्याने हातात जीव नसल्यासारखा हात दिला तर तो लिम्प हॅंडशेक. जुन्या पुस्तकांची 'लिम्प बाइंडिंग' म्हणजे पुठ्ठा न घातलेली, वाकणारी बांधणी.

आता माझी दुसरी दुखरी जागा, 'लिम्पिड'. या शब्दाचा लिम्पशी काडीचा संबंध नाही. लॅटिनमधून आलाय, अर्थ नितळ, स्वच्छ, तळ दिसेल असं पाणी. लेखनाबद्दल वापरला तर ती मोठी दाद असते. एका निवृत्त प्राध्यापकांचा गौरवग्रंथ निघाला होता, त्यात त्यांच्या परदेशातल्या एका जुन्या सहकाऱ्याचा इंग्रजी लेख होता, त्यात 'हिज लिम्पिड प्रोज' असं आलं होतं. मराठीत छापलं गेलं 'त्यांचे ढिले गद्य'. 'लिम्पिड' माहीत नव्हता, 'लिम्प' माहीत होता, 'ड' लागलाय तर भूतकाळ-बितकाळ असेल असं धरून चालले. कार्यक्रम झाला, पुस्तकं वाटली गेली, सरांनी ते घरी जाऊन वाचलं. आयुष्यभर ज्या माणसाने प्रत्येक वाक्य चार वेळा घासलं, त्याला ७५ व्या वर्षी मित्राच्या नावाने छापलेलं वाचायला मिळालं की तुझं लिखाण ढिलं आहे. सरांनी कुणाला काही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीने मूळ इंग्रजी लेख मागवून घेतला तेव्हा उलगडा झाला. माझ्याकडे ते काम शुद्धिपत्रासाठी आलं. मी 'नितळ गद्य' केलं, चिकटवायच्या पट्ट्या छापल्या, पण वाटलेल्या प्रती काय परत येतात का? तो लेख मी आधी पाहिला असता तर, असं अजून वाटतं. शब्द ओळखीचा वाटतोय पण शेपूट वेगळं आहे, तर थांबा. ओळखीचा वाटणारा शब्द अनोळखी शब्दापेक्षा जास्त फसवतो, अनोळखी असेल तर माणूस निदान कोश तरी उघडतो.

तसाच 'लिम्पेट', समुद्रातल्या खडकाला घट्ट चिकटून बसणारा गोगलगायीच्या वर्गातला जीव. त्याच्यावरून लिम्पेट माइन, जहाजाच्या बुडाला चिकटवायचा सुरुंग. १९७१ च्या ऑगस्टमध्ये बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्ती वाहिनीच्या कमांडोंनी पोहत जाऊन चितगाव, मोंगला इथल्या बंदरांत अशाच सुरुंगांनी जहाजं उडवली. 'लंगडा सुरुंग' असं भाषांतर माझ्याकडे एकदा आलंय.

गाड्यांकडे येते. 'लिम्प मोड'चं भाषांतर करू नका, विनंती आहे. एका माहितीपुस्तकात 'शिथिल अवस्था' केलं होतं, वाचणाऱ्याला वाटणार गाडी न्यूट्रलला आहे. होतं असं की इंजिनच्या कंप्युटरला कुठल्या सेन्सरकडून गडबड कळली की तो स्वतःहून ताकद कमी करतो, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) एका मर्यादेच्या वर चढू देत नाही, काही ऑटोमॅटिक गाड्या एकाच गिअरला धरून बसतात, चेक इंजिनचा दिवा लागतो. खंबाटकीच्या चढाला अशी गाडी मिळाली की कळतं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी मागून ट्रक पुढे जातात. पूर्ण नाव 'लिम्प होम मोड', म्हणजे लंगडत का होईना गॅरेजपर्यंत पोच. चालतंय, म्हणून इथला लिम्प लंगडण्याचा. पण गॅरेजमध्ये सगळे 'लिम्प मोड'च म्हणतात, तोच शब्द ठेवा आणि खाली एका ओळीत काय होतं ते सांगा. आणि बॅटरीची वायर काढून परत लावली की मोड जातो असले शॉर्टकट त्या ओळीत घालू नका, दिवा जाईल, बिघाड तिथेच राहील आणि पुढच्या घाटात परत तेच.

संस्था, सरकारं, अर्थव्यवस्था 'लिम्प अलॉंग' करतात तेव्हा आपल्याकडे 'रडतखडत' हा तयार शब्द आहे, तो सोडून 'लंगडत पुढे जात आहे' कशाला? जहाज किंवा यान 'लिम्प्ड होम' केलं की 'कसंबसं घर गाठलं'. अपोलो १३ च्या ऑक्सिजन टाकीत १३ एप्रिल १९७० ला स्फोट झाला आणि तिघं १७ तारखेला परत आले, इंग्रजी लेखांत तिथे हटकून 'लिम्प्ड बॅक' असतं. कसंबसं, हाच शब्द.

राहिलं 'गो लिम्प'. हे बाळाबद्दल आलं तर धोक्याचं, पण मांजरीने मानेला धरून उचललेलं पिल्लू पण 'गोज लिम्प', ते अंग सोडून देतं, त्यात काही वाईट नाही. आणि रस्त्यावर बसलेले आंदोलक पोलिसांनी उचलायला घेतलं की मुद्दाम 'गो लिम्प' करतात, अमेरिकेत १९६० च्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीत हे शिकवायचे, कारण अंग ताठ केलं तर प्रतिकार धरतात आणि अंग सोडलं की एका माणसाला उचलायला चार पोलीस लागतात. मराठीत 'अंग टाकून दिलं', 'अंग सैल सोडलं'. मागच्याच महिन्यात एका बातमीच्या मसुद्यात मला 'पोलीस येताच आंदोलक लंगडू लागले' असं मिळालं, म्हणजे अहिंसक विरोध करणारी माणसं मार खाल्ल्यासारखी किंवा सोंग घेतल्यासारखी दिसायला लागली.

ते सापडलं कसं तर माझ्या नेहमीच्या पद्धतीने. फाइल पाठवायच्या आधी मराठीत 'लंगड' शोधायचं, एकेक जागी मूळ वाक्य उघडून विचारायचं, चालतंय की लोंबतंय. मग उलटं, इंग्रजी फाइलमध्ये 'लिम्प' शोधायचं, त्यात लिम्पिड आणि लिम्पेट पण आपोआप वर येतात, आणि प्रत्येकासमोर मराठीत काय आलंय ते बघायचं. 'शिथिल' दिसला की तो काढून तिथे घरातला शब्द बसतो का पाहायचं. त्या बातमीला दोन्ही फेऱ्या धरून सहा मिनिटं लागली, आणि सातव्या मिनिटाला मी त्या वार्ताहराला फोन लावला.